लिमयेबाईंचं ओकुनुमा

परवा ओकुनुमाखाली भूकंप झाला. छोटा, आणि जमिनीत शंभर किलोमीटरहून खोल. ओकुनुमा हे होक्काइदोच्या पूर्वेकडचं एक गाव. दोन ज्वालामुखींच्या मधली दरी, गंधकाचा वास येणारं तळं, गरम पाण्याच्या झऱ्यावरचं एक लॉज आणि मोजकी म्हातारी माणसं. भूकंप अगदी त्यांच्या पायाखाली झाला, पण त्यांच्यातल्या कुणालाच तो कळला नसणार. तिथल्या खोल भूकंपांचं असंच असतं. ज्वालामुखीखालचा तापलेला, मऊ थर भूकंपाच्या लाटा गिळून टाकतो आणि हादरा जाणवतो तो दूर किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदरात. बातमी दोन ओळींची होती. त्सुनामीचा धोका नाही, एवढं वाचून टोकियोत माझ्या डब्यातल्या लोकांनी फोन खिशात ठेवले.

मला लिमयेबाई आठवल्या. खरं तर त्या विसरल्याच जात नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे. त्या माझ्याशी वाईट वागल्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या लेखांत कडक माणूस शेवटी आतून मऊ निघतो. लिमयेबाई आतून कशा होत्या ते मला माहीत नाही. मला त्या बाहेरूनच भेटल्या.

दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी मी टोकियोला पीएच.डी.साठी आलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. तिथे भांडी वाजली की माणसं थोडा वेळ अंगणात येऊन उभी राहतात आणि मग परत जेवायला बसतात. भूकंपाचं शास्त्र शिकावं असं वाटायला तेवढं पुरलं. इथल्या भूकंप-संशोधन संस्थेत एक मराठी बाई आहेत, असं कळल्यावर आईला फार बरं वाटलं होतं. परक्या मुलखात आपलं माणूस आहे, म्हणाली.

संस्थेत आल्या आल्या सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गाइडनी, सरावासाठी एका छोट्या भूकंपाच्या नोंदी दिल्या. तो कुठे आणि किती खोल झाला ते काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एक बाई समोरून आल्या. बारीक, उंच, केस पुरुषासारखे कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. मला बघून थांबल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "खोली मिळाली का?"

मला भरून आलं. म्हटलं, "हो, मिळाली. ओजिमाला. लहान आहे, पण एकट्याला पुरते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती?"

"सहा तातामी," मी म्हणालो. खोलीचा आकार इथे चटयांत सांगतात, हे मला नुकतंच कळलं होतं आणि ते सांगायची हौसही होती.

"मी भूकंपाची विचारतेय," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

तेव्हापासून मी 'सहा तातामी' झालो. त्यांनी हा किस्सा जपानी विद्यार्थ्यांना समजावून सांगितला. मराठीत जमिनीतली खोली आणि राहायची खोली यांना एकच शब्द आहे, आणि हा मुलगा भूकंपाला भाड्याने जागा देऊन मोकळा झाला. मुलं हसली. मीही हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

त्यांना काय म्हणायचं हाही प्रश्नच होता. मी मॅडम म्हणालो, तर म्हणाल्या, मॅडम दुकानात असते. बाई म्हणालो, तर म्हणाल्या, मी तुझ्या शाळेत नव्हते. इथे सगळे लिमये-सान म्हणतात, तेच म्हण, नाही तर काही म्हणू नकोस. जपान्यांना 'ल' जमत नाही, ते 'रिमये-सान' म्हणायचे, आणि त्याला त्या निमूटपणे ओ द्यायच्या. मी तोंडावर लिमये-सान आणि मनात बाईच म्हणत राहिलो.

माझ्या दुर्दैवाने त्याही ओजिमालाच राहायच्या, मी राहायचो त्याच सरकारी वसाहतीत, माझ्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी आम्ही एकाच फलाटावर असायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, की गाडीत त्या कुणाच्या ओळखीच्या नसतात. मी मागच्या डब्यात चढायचो. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो; एकदा मी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी प्लास्टिक बाहेर ठेवलं. परतलो तर पिशवी माझ्या दाराच्या कडीला लटकवलेली. शेजारच्या आजींनी केलं असेल म्हणून मी त्यांची माफी मागितली, तर त्या गोंधळल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेत बाई सर्वांदेखत म्हणाल्या, "तुझ्या पिशवीत मेथीचे दांडे होते. आख्ख्या वसाहतीत मेथी खाणारे आपण दोघंच आहोत. लोक मला बोल लावतात."

'आपण दोघं' असं त्या एवढ्या एकदाच म्हणाल्या असतील.

कामातला त्यांचा जाच वेगळ्या जातीचा होता. आमच्याकडे दर आठवड्याला झेमी असते. एका विद्यार्थ्याने आपलं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी ते फोडायचं. बाकीचे हळूच फोडतात. एखादा मुद्दा पटला नाही, तर जपानी माणूस मान तिरकी करून 'जरा अवघड आहे' म्हणतो. लिमयेबाई तसं काही म्हणत नसत. माझ्या पहिल्या झेमीत मी एका भूकंपाची खोली दहा किलोमीटर सांगितली. त्यांनी विचारलं, ही तू काढलीस का यंत्राने दिली? यंत्राने दिली, मी म्हणालो. मग त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, की यंत्राला खोली ठरवता आली नाही तर ते कोणता आकडा टाकतं, हे तुला कुणी शिकवलं नाही का? मला माहीत नव्हतं. "दहा टाकतं," त्या म्हणाल्या. "दहा म्हणजे दहा नव्हे. दहा म्हणजे माहीत नाही. तू आम्हाला अर्धा तास 'माहीत नाही' समजावून सांगत होतास."

झेमीनंतर मी त्यांच्या खोलीत गेलो. मला वाटलं, थोडं मोकळं बोलावं. म्हटलं, आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही, इथवर एकट्यानेच आलोय, काही गोष्टी कळायला वेळ लागेल. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला.

"मग तुला सवलत हवीय का?" त्या म्हणाल्या.

हा शब्द आमच्यासारख्यांच्या कानावर कसा पडतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मी बाहेर आलो. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग बसला, तो अजून पूर्ण गेलेला नाही. जावा असंही मला फारसं वाटत नाही.

तरी त्यांनी मला एक पद्धत लावली, हेही खरं आहे. भूकंपाची खोली बऱ्याच स्टेशनांच्या नोंदींवरून काढतात. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. जमिनीत पुरलेला सेन्सर, त्यावर टपरीएवढी खोपटी, बॅटरी आणि अँटेना. उत्तर आलं की त्या म्हणायच्या, आता एकेक काढून बघ. एक स्टेशन हिशेबातून वगळायचं, पुन्हा खोली काढायची. ते परत घालायचं, दुसरं वगळायचं. एखादं काढल्यावर उत्तर कोसळलं, तर ते उत्तर नव्हतंच, नशीब होतं. मी कंटाळून विचारलं, प्रत्येक भूकंपाला सगळी स्टेशनं? त्या म्हणाल्या, "तुझ्या आवडीची सुद्धा."

त्यांचं स्वतःचं आवडीचं एकच होतं, ओकुनुमाचं. ते त्यांनीच उभं केलं होतं. तरुणपणी इथे आल्या तेव्हा त्या दरीच्या आसपास एकही स्टेशन नव्हतं. ज्वालामुखीखालचे खोल भूकंप तिथे नीट पकडता येतील, हे त्यांनी वरच्या लोकांच्या गळी उतरवलं होतं. दर उन्हाळ्यात त्या स्वतः जाऊन बॅटऱ्या बदलायच्या. मला दोनदा ओझं उचलायला नेलं होतं. विमानात आणि भाड्याच्या मोटारीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खोपटीचं दार उघडलं की मात्र आत वाकून आधी वास घ्यायच्या, ओल आली का ते बघायला. मग हातरुमालाने सेन्सरचं झाकण पुसायच्या. सेन्सरला त्याने काही फरक पडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ओनोसेन्सेई, म्हणजे माझे गाइड, मऊ स्वभावाचे. एका पार्टीत त्यांनी मला सांगितलं, की अकरा साली मोठा भूकंप झाला तेव्हा परदेशी माणसं मिळेल त्या विमानाने देश सोडत होती, आणि रिमये-सान उत्तरेला जायचं तिकीट शोधत होत्या. त्या हादऱ्यानंतर सगळीकडचे ज्वालामुखी कुरकुरत होते आणि ओकुनुमाचा सिग्नल बंद पडला होता. त्या गेल्या, बर्फातून खोपटी उकरून काढली आणि अँटेना सरळ केली. घरी फोन केला होता का, असं सेन्सेईंनी नंतर विचारलं, तर त्यांना आठवेना. हे ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला हवा होता. मला वाटलं, या बाईंच्या घरी फोनपाशी कोण बसलं असेल?

निशी-कसाई या टोकियोतल्या भारतीय वस्तीत मराठी मंडळाचा गणपती बसतो, त्याला त्या एकदा आल्या होत्या. हॉल भाड्याने घेतलेला, उकडीचे मोदक, आयटीतली कुटुंबं, जपानीत भांडणारी मुलं. भूकंपाचं काम करणारी बाई म्हटल्यावर लोक जमलेच. मोठा कधी येणार, असं प्रत्येकाने आपापल्या परीने विचारलं. पुण्याचे एक गृहस्थ, त्यांचं कंत्राट त्या वर्षी संपणार होतं, जरा जास्तच खोदून विचारत होते. बाई म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर. लोक हसले. मग तेच गृहस्थ म्हणाले, की परवा होक्काइदोत झाला तो तर किरकोळच होता ना मॅडम, आणि तिकडे राहतंय कोण?

बाईंनी मोदक ताटलीत ठेवला. "भूकंप किरकोळ नसतो," त्या म्हणाल्या. "माणसं असतात."

यावर कुणी हसलं नाही. गृहस्थांच्या बायकोने त्यांना हाताला धरून दुसरीकडे नेलं. बाईंनी मोदक संपवला, ताटली कचऱ्याच्या योग्य त्या डब्यात टाकली आणि आरतीआधीच निघून गेल्या. मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. त्यांना सोडायला मी दारापर्यंत गेलो, तर म्हणाल्या, तू थांब, तुला माणसं लागतात.

गेल्या हिवाळ्यात संस्थेत बोलणं सुरू झालं, की ओकुनुमाचं स्टेशन बंद करावं. अकरानंतर सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे. नवीन यंत्रं समुद्राच्या तळाशी बसत होती, सांभाळायला माणसं कमी पडत होती, आणि ओकुनुमाला माणसंच नाहीत. बाईंची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची, आणि तीही त्या स्टेशनच्या आधारावरच. स्टेशन गेलं तर त्यांना इथे कशासाठी ठेवायचं, असा प्रश्न आला असता. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एवढंच ठरलं, की एका बैठकीत निर्णय घ्यायचा. ओकुनुमाच्या नोंदी सध्या सर्वांत जास्त वापरणारा मीच, म्हणून मलाही बोलावलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी ओजिमाच्या फलाटावर बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तसं त्या कधीच करत नसत. गाडी आली. आम्ही दोघेही चढलो नाही.

"उद्या तुला विचारतील," त्या म्हणाल्या. "ओकुनुमा काढून बघितलंस का?"

बघितलं होतं. त्यांनीच लावलेली शिस्त. म्हटलं, "हो."

"काय येतं?"

"एक-दोन किलोमीटरचा फरक पडतो. बहुतेक भूकंपांना तेवढाही नाही." पुढचं बोलायला मला जड गेलं. "आता आजूबाजूला बाकीची स्टेशनं भरपूर झालीत, लिमये-सान."

त्या रुळांकडे बघत होत्या. "पुन्हा कर," म्हणाल्या.

मी पुन्हा केलं. एखादी चूक निघावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं. त्या बाईंसाठी वाटत होतं असं म्हणवत नाही. कदाचित उद्या बोलायची पाळी माझ्यावर येऊ नये, म्हणूनही असेल. चूक निघाली नाही.

बैठकीत ओनोसेन्सेईंनी फार हळुवारपणे विचारलं, की ओकुनुमा नसेल तर तुमच्या प्रबंधाला कितपत बाधा येईल? इथे 'जरा अवघड होईल' एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. सगळ्यांनी मान तिरकी केली असती आणि स्टेशन आणखी एक-दोन वर्षं चाललं असतं. मला ते वाक्य जपानीत चांगलं येतं. मी बाईंकडे बघितलं. त्या समोरच्या चहाच्या बाटलीचं लेबल वाचत होत्या. मी म्हणालो, बाधा येणार नाही, खोली तीच येते.

मग बाईंनीच विचारलं, कोरड्या, औपचारिक जपानीत, की अनिश्चिततेत किती वाढ होते? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, की सगळे भूकंप तपासलेत की सोयीचे तेवढेच? मी म्हणालो, सगळे. "मग तसं लिहून घ्या," त्या सेन्सेईंना म्हणाल्या. निर्णय तिथेच झाला.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं होतं, रागावतील, काही तरी लागट बोलतील. तेही नाही. जिन्यात समोर आल्या की भिंतीकडे सरकायच्या, जपानी लोक अनोळखी माणसाला वाट देतात तशा. सहा तातामी म्हणायचंही सोडलं. सेन्सेई म्हणाले, वेळ जाऊ दे. मला मात्र एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतं याची चीडही येत होती.

बर्फ वितळल्यावर स्टेशन उचलायला जायचं ठरलं. बाईंनी राजीनामा दिला होता. त्या आल्या नसत्या तरी चाललं असतं, पण आल्या. विमानात त्यांची जागा पुढे, माझी मागे. मोटार मी चालवली, त्या मागच्या सीटवर बसल्या. दरीत सावलीला अजून बर्फ होतं. मी सेन्सर उकरला, केबल गुंडाळल्या, बॅटऱ्या वाहून मोटारीत ठेवल्या. बाईंनी अँटेना उतरवली. खोपटी रिकामी झाल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. पुसायला काही राहिलं नव्हतं.

लॉजची म्हातारी मालकीण काठी टेकत आली. तिच्याच जमिनीवर स्टेशन होतं. यंत्र गेलं म्हणजे आता आमच्याकडे भूकंप व्हायचे नाहीत का, तिने विचारलं. ती थट्टा करत होती. बाईंनी कंबरेत वाकून, इतकी वर्षं त्रास दिला, अशी तिची क्षमा मागितली. म्हातारीही वाकली. दोघी किती तरी वेळ वाकून होत्या. कुणी आधी उठायचं हेच ठरेना.

मग बाईंनी आपली पिशवी उचलली आणि त्या रस्त्याकडे चालायला लागल्या. त्या मोटारीत बसणार नव्हत्या. तिथून दिवसातून फार थोड्या बस सुटतात. मी मोटार घेऊन थांब्यापर्यंत गेलो, उतरलो, म्हटलं, विमानतळ लांब आहे, बसा, मी बोलणार नाही. त्या उत्तर देईनात. थंडी होती, गंधकाचा वास येत होता, आम्ही दोघे त्या थांब्यावर उभे होतो. बस वळणावर दिसली तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. बैठकीनंतर पहिल्यांदाच.

"तुझं उत्तर बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला तुझं तोंड बघवत नाही."

मी त्यांची पिशवी उचलायला वाकलो, पण ती त्यांनी आधीच उचलली होती. बस थांबली. ड्रायव्हरशिवाय आत कुणी नव्हतं. बाई चढल्या. मी उभा होतो त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या मोकळ्या होत्या. त्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या.